प्रयोगातला नॉर्मल माणूस

१ जानेवारी १९९४, सकाळी
संकल्प. चहा बिनसाखरेचा. पहाटे फिरणं. आणि यंदा रिसर्च पेपरवर नाव! पंचवीस वर्षं गंगाखेडला केमिस्ट्री शिकवतोय, नाव छापून आलं ते फक्त स्वतःच्या लग्नपत्रिकेत.

संध्याकाळी
चहा साखरेचाच घेतला. थंडी होती. फिरणं उद्यापासून.

३ जानेवारी
मुंबईचे डॉ. टिळवे, ज्यांच्या संशोधनासाठी मी इथली माणसं जमवतोय, त्यांचं पार्सल आलं. बाटलीत साखर. दिसायला साधी, पण तिच्यातला हायड्रोजन जड, म्हणजे ड्यूटेरियम. कळपातल्या मेंढीला गेरू लावतात, तशी खूण केलेली साखर. पाण्यातून प्यायची, मग थोड्या थोड्या वेळानं रक्त घ्यायचं. अंगात साखर कशी खर्च होते ते मुंबईच्या मशीनवर कळतं. एकीकडे ऊसतोडीची माणसं, दुसरीकडे तुलनेला एक नॉर्मल माणूस. सौ. म्हणाली, गंगाखेडात नॉर्मल कोण हाय? मी आहे की! बैठं काम, शांत स्वभाव, आजार नाही. थकवा आहे, पण तो नोकरीचा.

५ जानेवारी
उसाच्या फडावर गेलो. टोळीतला व्यंकटी म्हणाला, ऊस आमी तोडायचा, साखर तुमी करायची, आन ती तपासायची बी आमच्यावरच व्हय? मी विज्ञान समजावलं. सगळे लय हसले, पण तयार झाले. व्यंकटीच्या बायकोनं, छबूबाईनं, गोड चहा दिला. नाही म्हटलं तर गरिबाचा अपमान होतो. घागरभर पाणी प्यालो तरी तहान जाईना. ऊन फार.

८ जानेवारी
झोपेचं खोबरं. रात्री सारखं उठावं लागतं. थंडीनं होतं तसं. सौ.ची तक्रार, मोरीत मुंग्यांची रांग लागलीय, शेजारी कुणाकडं न्हाई. केमिस्टच्या घरी असं चालायचंच. पावडर टाकली.
पँट सैल झाली. फिरण्याचा गुण! अजून सुरू केलेलं नाही, पण मनाची तयारी अंगावर दिसते.

११ जानेवारी, येळवस (वेळ अमावास्या)
उद्या प्रयोग, म्हणून रात्री उपाशी. दिवसा मात्र मेहुण्याच्या शेतात. येळवसला शेतात बसून नाही म्हणता येत नाही. आंबील, भज्जी, गव्हाची खीर. खीर पुन्हा घेतली. परत घेतली. मेहुणा भुजंग म्हणाला, दाजी, लय वाळायलाव की तुमी. म्हटलं, संशोधनानं माणूस वाळतोच.

१२ जानेवारी
प्रयोग पार पडला. टोळी रक्त देऊन सरळ फडात गेली. मीही दिलं आणि घरी येऊन आडवा. नर्स चांगुणाबाई म्हणत होती, सर, तुमची शुगर आधी बघून घेऊ, नियम आहे. नॉर्मल माणसाची काय बघायची? उगाच सुई वाया.

१४ जानेवारी, संक्रांत
विद्यापीठाचा नामविस्तार झाला. बंदोबस्त, एस.टी. बंद. रक्ताच्या नळ्या घरातच, मासळीवाल्याच्या बर्फात. वासानं सौ. माहेरी जायचं म्हणते. कॉलेजचा शिपाई लिंबाजी पेढे घेऊन आला. सोळा वर्षं वाट बघितली सर, म्हणाला आणि रडला. माझेही डोळे भरले. तीन पेढे खाल्ले. अशा दिवशी साखर बघत नाहीत. मग शेजारचा तिळगूळ. बिनसाखरेचा संकल्प गुढीपाडव्यावर ढकलला.

१७ जानेवारी
गाड्या सुरू. डबा मुंबईला रवाना. थकलो.

२ फेब्रुवारी
लेखकांची नावं लिहून काढली. माझं दुसरं होतं, विचारांती पहिलं केलं. टिळवे मोठे आहेत, समजून घेतील.
मोरीतल्या मुंग्या हटत नाहीत. आता पायालाही मुंग्या येतात. स्टाफरूमची खुर्ची खराब.

१९ फेब्रुवारी, दुपारी
कॉलेजात टिळव्यांचा फोन. टोळीचे निकाल झकास म्हणाले. पण तो नॉर्मल माणूस कोण? त्याची साखर खर्चच होत नाही, रक्तात नुसती साठलीय. चांगलाच मधुमेह आहे, आजच्या आज डॉक्टरकडे न्या. मी म्हणालो, बर्फ वितळला असेल. किंवा येळवसची खीर. त्यांनी विचारलं, खीर कुणी खाल्ली? म्हटलं, मीच, तीनदा.
मग म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, मधुमेहाचा एक माणूस आम्हाला हवाच होता. पेपरमध्ये तुम्ही असाल. मी विचारलं, नाव? म्हणाले, पेशंटचं नाव छापत नाहीत. लेखक म्हणून तरी? आपल्याच दुखण्यावर कसं लिहिणार, म्हणाले. तक्त्यात येईल: रुग्ण, पुरुष, वय एकोणपन्नास.

रात्री
डॉक्टरकडे जाऊन आलो. साखर लघवीतूनही जाते, म्हणाले. भीती वाटली. सौ.ला सांगितलं, ती पदर तोंडाला लावून बसून राहिली. मग उठून चहा केला, बिनसाखरेचा. प्यालो.
मोरीत मुंग्या होत्याच. पावडरचा डबा हातात होता, पण न टाकताच परत आलो.