माझ्या पोटातला शिंगवाला सरडा

आदरणीय रोमुलो दाजी यांना मेहुणा एफ्राईन याचा वाकून नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा अर्धाच वाकून).

कितो शहराच्या थंडीत तुमचा खोकला आणि ताईचा राग दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल आहेत. फक्त येत्या एकतीस तारखेला, वर्ष संपताना, गाव मला चौकात जाळणार आहे. (म्हणजे सरत्या वर्षाचा म्हणून दरसाल जाळतात त्या पुतळ्याला. पण कारपिओ दुकानदाराने त्याला माझीच विजार घातलीय, आणि ती बायकोने स्वतः नेऊन दिली.)

कारण तुमच्या कानावर आलंच असेल. परसातल्या माझ्या लिंबाच्या झाडावर मी नाकावर शिंग असलेला तो दुर्मिळ सरडा पाहिला. ओळख पटवायला विद्यापीठातून बाई आल्या, माझ्या कोंबडीचं सूप प्यायल्या, दुसऱ्याच एका सरड्याचे खवले भिंगातून मोजले आणि म्हणाल्या, हा कुंपणावरचा नेहमीचा. मग शिंग? तर म्हणे, 'पान पाहिलं असेल तुम्ही, दादा.' जन्म गेला या रानात, आणि मला पान कळत नाही. गावाने मात्र बाईंवर विश्वास ठेवला, कारण भिंग त्यांच्याकडे होतं. तेव्हापासून पाव मागितला तरी कारपिओ विचारतो, 'शिंगाचा देऊ की बिनशिंगाचा?'

तर पुतळ्याचा मान यंदा माझा. नाकावर वीतभर गाजर, आणि पोटात माझ्याच लिंबाच्या फांद्या नि शेवाळ. काल कारपिओच्या दुकानात तो बघायला गेलो (किती लठ्ठ केलंय ते), तर सदऱ्याच्या फटीतून शिंग बाहेर आलं. मग एक डोळा. मला बघून परत आत. मी सांगितलं, जाळू नका, तो आत आहे. दुकान हसून लोळलं. उघडून तरी बघा म्हटलं, तर कारपिओ म्हणतो, 'शिवण उसवायची नाही. जळाल्यावर बघू.' आता मी पुतळा पळवीन म्हणून तिथे पहारा बसवलाय. खरं सांगतो दाजी, माझी शोभा व्हायची ती होऊ दे, पण तो बिचारा माझ्या पोटात जळणार, हे काही डोळ्यांपुढून हलत नाही.

ताईला नमस्कार, पोरांना पापे.

तुमचा, अजून न जळालेला,
एफ्राईन

ता. क. पुतळ्यापुढे रडणारी त्याची विधवा नेहमी झगा घातलेला पुरुषच होतो, आणि पुतळ्याच्या जवळ तेवढं तिलाच जाऊ देतात. यंदा कुणी तयार नाही (माझ्यासाठी म्हणे रडूच येत नाही). ताईचा काळा झगा तुम्हाला बसतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तो घेऊन या. काडी लागायच्या आत माझ्या अंगावर पडा, टाहो फोडा, आणि दुसऱ्या बटणाखाली हात घाला. हलक्या हाताने.

आणखी ता. क. सरडा सापडला तर आधी कारपिओच्या नाकासमोर धरा. नाही सापडला तरी रडणं थांबवू नका. तेव्हा माझ्यासाठी रडणारं कुणीतरी मला खरोखरच लागेल.