सागाकडची बाजू

चांदा, शनिवार, जानेवारी १९५६

आज कमिटीनं गफूरभाईले फुटबॉलच्या कोचपदावरून काढलं. माझाही हात वर होता. साधे सामने जिंकते, दर फायनल हरते, असा कोच काय कामाचा?

पण फायनल साहेब लोक आल्यावर उशिरा सुरू होते, दिवस बुडाला तरी चालते. अन् अंधारलं की हा पोरांले सागाच्या जंगलाकडची बाजू सोडायले लावते. आज विचारलं, "काऊन?" तर म्हणे, "भाऊ, तिकडून पास येते. तो घ्यायचा नसते."

सारे हसलो.

घरी येताना अंधारात मैदानावर थांबलो. कोणी नव्हतं. पडलेला चेंडू मुद्दाम सागात मारला. परत आला. हळू, बरोबर माझ्या पायापाशी. वारा नव्हता. सवयीनं मी तो परत दिला. आत सागात थप्प झालं.

चेंडू पायाखाली थांबवल्याचा आवाज मले कळते. मी खेळलेला माणूस आहे.