टेकणावरची रायफल

भवानी पेठ, सोलापूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय यशपालदादा,

सप्रेम जय भीम.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण टॉवेलच्या कारखान्यातली शिलाई सोडायला तयार नाही. वहिनीला नमस्कार सांग. तुझे दोन फोन येऊन गेले, मी मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर तू बोलणं फिरवतोस आणि मी ते फिरू देते. म्हणून हे पत्र.

कॉलेजातली कारकुनी संपली की संध्याकाळी मी हॉलमध्ये मुलींना नेमबाजी शिकवते, हे तुला माहीत आहे. तू माझ्यासाठी आणलेली एअर रायफल गेली पाच वर्षं घरात पडून होती, ती मी त्यांना वापरायला दिली. काव्या नावाची एक चौदा वर्षांची मुलगी तीच घ्यायची. तिचे छर्रे कागदभर पसरायचे. तिचं उभं राहणं, श्वास, ट्रिगर, सगळं तीन आठवडे तपासलं. शेवटी वैतागून मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या हातातच स्थिरपणा नाही. उगाच वर्षं घालवू नकोस."

वाक्य ओळखलंस ना? साताऱ्याच्या स्पर्धेनंतर, तिथल्या हॉलच्या दारात, आईसमोर तू मला हेच ऐकवलं होतंस. शब्दसुद्धा तेच. मी एकोणीस वर्षांची होते. त्यानंतर मी दुसऱ्यांना शिकवलं, पण स्वतः रायफल खांद्याला लावली नाही.

काव्या दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मला वाटलं, एवढं ठामपणे बोलले, तर निदान एकदा रायफल तरी तपासावी. माणसाचा हात मध्ये न आणता तपासायची म्हणजे ती टेबलावर रेस्टवर ठेवायची. आई त्याला टेकण म्हणते. रायफलचा पुढचा भाग एका टेकणावर, मागचा दस्ता वाळूच्या पिशवीवर, आणि आपण फक्त ट्रिगर ओढायचा.

आधी एक तिपाई मागवली. दिसायला छान, पण हलकी. बोट ट्रिगरला लागलं की समोरचं वर्तुळ हलायचं. छर्रे पसरले. मी म्हटलं, तिपाईचा दोष.

मग आपल्या बोळातल्या चनमल्लप्पाकडून लोखंडी पाट करून घेतला, खाली उंची जुळवायला तीन स्क्रूचे पाय. एवढं वजन कशाला, असं मी म्हणाले तर तो म्हणतो, "ताई, वजन कमी करू नका. हलकं केलं की नाचतंय बघा." त्याचं खरं होतं. पाट जागचा हलला नाही. पण मागच्या पिशवीत मी ज्वारी भरली होती, ती दस्त्याखाली सरकत राहायची. छर्रे पसरले. मी म्हटलं, पिशवीचा दोष.

तिसऱ्या वेळी आईने जाड कॅनव्हासची पिशवी शिवली, वर दोन कान काढून, म्हणजे दस्ता मधोमध बसतो. दुहेरी टीप घालताना म्हणाली, "एवढं घट्ट कशाला गं? दगड भरायचाय काय?" मी वाळू चाळली, गच्चीवर दोन दिवस वाळवली आणि ठोकून ठोकून भरली. पिशवी मुठीत जराशी दाबली की नेम केसभर खाली जातो, सोडली की वर येतो. याहून चांगलं टेकण मला जमणार नव्हतं.

त्यावर आधी हॉलची दुसरी रायफल ठेवली. पाच छर्रे, भोक एकच. मग आपली ठेवली. पाच छर्रे, पाच भोकं, बांगडीत मावणार नाहीत अशी. छर्ऱ्यांचा डबा बदलला. पुन्हा तेच.

आता खरं सांगते. तीनदा टेकण करून बघितलं ते मी काही फार काटेकोर आहे म्हणून नाही. दोष टेकणात निघावा, पिशवीत निघावा, नाहीतर माझ्या हातात तरी निघावा असं मला वाटत होतं. रायफलमध्ये निघू नये. कारण साताऱ्याच्या आदल्या आठवड्यात हीच रायफल एका भोकात मारत होती आणि त्यानंतर स्पर्धेपर्यंत ती फक्त तुझ्या हातात होती. "एसटीच्या गर्दीत धक्का लागेल, मी दिपकच्या गाडीवरून नेतो," असं तूच म्हणाला होतास.

मी रायफल खोलली. नळी जिथे धरून ठेवलेली असते तिथला स्क्रू तडकलेला. दस्त्याच्या खालच्या अंगाला लाकूड खरवडलेलं, आणि त्यावर बूटपॉलिश. बूटपॉलिश, दादा! तू बसून ते घासलंस.

ती तशीच घेऊन मी तुझ्या मित्राच्या, दिपकच्या दुकानात गेले, काउंटरवर ठेवली. त्याने खूण बघितली आणि मान खाली घातली. "वेळापूरच्या पुढं गाडी घसरली, ताई. पेटी रस्त्यावर आपटली. यशपालनं सांगितलं न्हाय व्हय तुला? मला वाटलं, घरातल्या घरात मिटलं असंल."

काय मिटलं? तू स्पर्धेच्या आधी एक शब्द बोलला असतास तर मी कुणाचीतरी रायफल मागून घेतली असती. नसती मिळाली तर परत आले असते, पुढच्या वर्षी गेले असते. तू गप्प राहिलास. तेही मी समजू शकते, माणूस घाबरतो. पण मी हरून बाहेर आले, तुझ्याकडे बघितलं, आणि तू मला सांगितलंस की माझा हात वाईट आहे. ते घाबरून नाही बोलता येत. त्यासाठी विचार करावा लागतो.

पाच वर्षं मी कपातला चहा हिंदकळला तरी आपल्या हाताकडे बघत होते.

आणि तेच मी काव्याला दिलं. तिच्या घरी गेले तर तिची आई गिरिजाबाई दारातून बाजूला होईना. मी दारातच सगळं सांगितलं. काव्या आतून म्हणाली, "म्हणजे बंदूक खराब होती, मॅडम?" मी म्हटलं, "हो. आणि मी न तपासता तुला बोलले, ती चूक माझी." पाच दिवसांनी ती आली. दुसरी रायफल घेतली, माझ्याशी बोलली नाही, आठ छर्रे कागदावरच्या काळ्या वर्तुळात मारले. अजूनही कामापुरतंच बोलते. ते मला सोसलं पाहिजे.

ती गेल्यावर मीही तीच दुसरी रायफल उचलली. टेकणाशिवाय, उभी राहून. किती गुण पडले ते तुला कळवणार नाही. जिल्ह्याच्या चाचणीला नाव दिलं आहे, एवढं पुरे.

आईला यातलं काही माहीत नाही. शेजारणींना ती अजून सांगते, "थोरल्यानं वेळेवर डोळे उघडले, न्हायतर पोरगी त्या नादात वाया गेली असती." परवाही म्हणाली. मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

ते तिला मी सांगणार नाही. २६ तारखेला रविवार आहे, तुला सुट्टी आहे. ये. वहिनीला आणू नकोस, खाऊ आणू नकोस, माझी माफी तर अजिबात मागू नकोस. आईसमोर बस आणि वेळापूरपासून हॉलच्या दारापर्यंत सगळं तिला तुझ्या तोंडाने सांग. आला नाहीस तर मी भांडायला पुण्याला येणार नाही. फक्त कुणी विचारलं, तुला भाऊ किती, तर काय सांगायचं ते मी ठरवलं आहे.

२६ तारखेपर्यंत तुझी बहीण,
बुद्धप्रिया