लोसालिनेची लग्नाची चटई

तीर्थस्वरूप मेलेआनेताई,

धाकट्या फेलेतीचा नमस्कार. राजधानीच्या दमट हवेत तुमचा गुडघा काय म्हणतो? इकडे हापाई बेटावर आम्ही देवाच्या दयेने बरे आहोत (म्हणजे डुकरं बरी आहेत, आणि मी तुम्हाला ठाऊक आहे तसा). भावाने बहिणीपाशी नेसण्या-पांघरण्याच्या गोष्टी काढू नयेत हे मला कळतं. पण माझी फूसी जाऊन वर्ष होत आलं. लेकीच्या लग्नाच्या कपड्यांचं बोलायला मला दुसरं माणूस उरलेलं नाही. निदान मी समोर बसून बोलत नाही, एवढ्यावर समाधान माना.

लोसालिनेचं लग्न तोंडावर आलं आणि तिला काही म्हणता काही शोभेना. ऑकलंडच्या मावशीने पांढरा झगा पाठवला. तो घालून ती आरशापुढे उभी राहिली नि म्हणाली, "बाबा, यात मी दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखी दिसते." चर्चच्या बायकांनी गुलाबी रेशीम आणलं, त्यात तर ती खांदे पाडूनच बसली. (वर्षभर ती अशीच पोक काढून चालते आहे.) शेवटी बायका म्हणाल्या, निदान कपड्यांवरून कमरेला गुंडाळायची चटई तरी खानदानी काढा. मी गादीखालच्या चटया उपसल्या. आता आपल्याकडे चटई जितकी जुनी नि फाटकी तितकी मानाची, म्हणून मी त्यातली सगळ्यात फाटकी ओढली. बायका हरखल्या. कुणाच्या पणजीची, म्हणून विचारू लागल्या. माझ्या जिभेला हाड नाही. मी थेट सरदारघराण्यापर्यंत गेलो. एका म्हातारीने तर तिचा काठ डोळ्यांना लावला.

लोसालिनेने ती कमरेला गुंडाळली, थांबली, आणि म्हणाली, "बाबा, ही मी आईच्या मातीला नेसले होते."

चटका बसावा तसे बायकांनी हात मागे घेतले. म्हातारी डोळे पुसत बसली. मला आधी हसू आलं, मग पुढचं दिसेना. वाटलं, पोरगी आता सोडून फेकेल. तिने वरची दोरी आणखी आवळली.

"त्या दिवशी हिनेच मला उभं धरलं. लग्नातही हीच."

"अगं, सुतकाची चटई? सासरचे काय म्हणतील?" बायका म्हणाल्या.

"आत्याला विचारा."

आत्या म्हणजे तुम्हीच. आत्याच्या शब्दापुढे बापाला तोंड नाही, तिथे त्यांचं काय! पण ताई, ती ताठ उभी होती हो. चर्चमध्ये गायला फूसी उभी राहायची, अगदी तशी. मी रडलो. भट्टीचा धूर डोळ्यांत गेला असं सांगितलं (भट्टी पेटवलेली नव्हती).

तुमच्या शब्दाची वाट पाहणारा,
फेलेती

ता. क. लग्नासाठीची तुमची तलम चटई नुसती बोटीने पाठवू नका, स्वतः घेऊन या. ती वरून गुंडाळा आणि जुनी आत राहू द्या. आत्याने बांधलेलं सोडायची गावात कुणाची छाती नाही.

आणखी ता. क. लग्न झालं की तिच्या अंगावरच्या चटया हक्काने तुमच्या. तलम न्या, डुकरं न्या, हवं तर कपाटही न्या. ती फाटकी तेवढी ठेवून जा. लेक दुसऱ्या दिवशी सासरी जायला वावाऊच्या बोटीत बसेल, आणि धक्क्यावरून घरी आलो की मला ती नेसायला लागणार आहे.