चौकीतलं मीठ

शनिवार

पोहोचलो एकदाचा! हेलमंदच्या कालव्याकाठची ही चौकी. चहूबाजूंनी मातीची उंच भिंत, आत परदेशी शिपायांचे तंबू आणि आमच्या पोलिसांची बराक. काबूलहून दुभाषा येणार म्हणून पोलीस वाटच बघत होते. माझे मऊ हात पाहून ते हसले आणि दुसऱ्याचं बोलणं बोलणारा म्हणून लगेच माझं नाव 'पोपट' ठेवलं. ठाणेदार शिरीनदिल भारी वात्रट. म्हणाला, "ए पोपटा, तुझ्या साहेबाला सांग, त्याचे बूट गाढवालाही सहन होत नाहीत!" मी कॅप्टन हॉलिसला सांगितलं, ते तुमची खुशाली विचारतायत.

जेवायला सगळे जमिनीवर अंथरलेल्या एकाच दस्तरखानावर. पीठ-मीठ परदेशींचं, हात लवंगकाकांचा. काका पोलिसांचे म्हातारे आचारी. त्यांचा शोरबा खाऊन बोटं चाटत बसलो. शिरीनदिलने नान मोडला, अर्धा कॅप्टनला, अर्धा मला दिला आणि म्हणाला, एकत्र मीठ खाल्लं, आता आमचा हात तुमच्यावर उठायचा नाही. आमच्याकडे चोरसुद्धा एवढं पाळतात. कॅप्टनला मी हे समजावून सांगितलं, तेव्हा तो इतका खूश झाला की फाटक आणि मनोरा त्याने पोलिसांच्याच हवाली केला.

मंगळवार

बायकोचा, स्पोझमैचा, फोन आला. दिवस भरत आलेत, सारखी विचारते, कधी येताय? सुट्टी मंजूर आहे, पुढच्या ताफ्याबरोबर निघायचं. रस्त्यात बंडखोरांनी सुरुंग पेरलेत. कुठे, ते पोलिसांनाच ठाऊक, म्हणून ताफा त्यांच्या मागूनच जातो.

आज कॅप्टनने जाहीर केलं की हिवाळ्याआधी ही चौकी सोडून परदेशी पलटण मायदेशी जाणार. मी भाषांतर केलं. शिरीनदिल मला हळूच म्हणाला, "ते जातील रे पोपटा. आम्हाला इथंच राहायचंय, त्या बंडखोरांच्या शेजारी."

दुपारी तो जेवला नाही. दाढ ठणकतेय म्हणे.

गुरुवार

दोघे-तिघे पोलीस फाटकापाशी बसून गावातून फडक्यात बांधून आणलेली भाकरी खात होते. या म्हटलं, तर एकाने तोंड फिरवलं. शिरीनदिलची दाढ अजून दुखतेच आहे. मघाशी मात्र बराकीमागे भाजलेले चणे कडाकडा चावत होता.

मला हे आवडलेलं नाही.

शनिवार

दस्तरखानावर आता आमच्यातले फक्त मी आणि लवंगकाका. बाकी सगळे परदेशी.

कॅप्टनला स्पष्ट सांगितलं, साहेब, हे लोक तुमचं मीठ टाळतायत. फाटक परत ताब्यात घ्या. तो हसला. त्यांचं पोट बिघडलं असेल म्हणाला, आणि वर मलाच ऐकवलं की हे आपल्यावर हात उचलणार नाहीत, असं तूच सांगितलं होतंस. उद्या त्यांच्यासाठी औषधाच्या गोळ्या पाठवणार आहे.

सोमवार

ताफा रद्द. शिरीनदिल म्हणतो, रस्ता नीट नाही. मग नीट कधी होणार? खांदे उडवले.

फोनही लागत नाही.

कालव्यापर्यंत जाऊन येतो म्हटलं. फाटकावरच्याने बंदूक आडवी धरली. पोपट म्हणाला नाही. "बरियालसाहेब, आत बसा," म्हणाला. इतक्या अदबीने —

मला भीती वाटतेय.

बुधवार

मनोऱ्यावरच्या मशीनगनचं तोंड आज सकाळपासून आत, तंबूंकडे. साफ करतोय म्हणतात. कॅप्टन मानतो.

भिंतीवरून उडी — पलीकडे सुरुंग. कुठून जाणार? स्पोझमै, मुलगी झाली तर —

फक्त काका अजून जेवतायत माझ्याबरोबर. तोवर ठीक. काका जेवतायत तोवर —

गुरुवार, दुपार

पोलीस एकही दिसत नाही. सगळे वर, भिंतीवर.

पण काका आले! पातेलं घेऊन. परदेशींना वाढलं, मला वाढलं, माझ्याच ताटात जेवायला बसले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. वही मांडीवरच आहे, एका हाताने लिहितोय, एका हाताने —

काका भराभरा खातायत. मान वर करत नाहीत.

घास घेतला. शोरबा अळणी आहे.

नानही अळणी.

विचारलं, काका, मीठ वि—