खोली क्रमांक चारमधील चिरंजीव

२ मार्च, सकाळी ९.०५
प्रथम क्षमा मागते. रोजनिशी थोरामोठ्यांनी लिहावी आणि माझ्यासारखीने फार तर तिचे शुद्धलेखन तपासावे, हे मला समजते. तथापि, ज्या हातांकडून यंत्रमानव घर सांभाळायला शिकत आहे, त्या हातांची हकीकत उद्या इतिहासाने मागितली तर ऐन वेळी धावपळ नको. म्हणून हा अगोचरपणा. वाचणारे कोणी नाही. तरीही क्षमा.

कामाचे स्वरूप: एका गोदामात सहा खोटी घरे उभारली आहेत. प्रत्येकी एक खोली. चार क्रमांकाची माझी. ओटा, पलंग, कपाट, दाराला बेल. खिडकीच्या जागी झाडाचा फोटो. कपाळावर कॅमेरा आणि हातांत सेन्सरचे ग्लोव्हज घालून गेले जवळजवळ चार महिने मी दिवसभर एकटी घरकाम करते. ते सारे रेकॉर्ड होऊन संध्याकाळी माझ्या यंत्रमानवाच्या डोक्यात भरले जाते. मी त्याला चिरंजीव म्हणते. सहांपैकी जो परीक्षेत उतरेल, तो आमच्या कंपनीच्या संस्थापकांच्या यानातून मंगळावर जाणार आहे. बाकीच्यांनी उगाच आशा ठेवू नये.

संस्थापकांचे स्वप्न: तीन वर्षांत घरोघरी यंत्रमानव, पाच वर्षांत सगळा विचार एआय करील, सात वर्षांत माणूस मंगळावर. गेल्या वर्षीही तीन, पाच, सातच होते. यालाच ध्येयनिष्ठा म्हणतात. सहकारी त्यांना ‘मंगळराव’ म्हणतात. मी म्हणत नाही. मी सहकाऱ्यांशीही काही म्हणत नाही.

संकल्प: रोज साठ टॉवेलांच्या घड्या. शिवाय रोज कोणाशी तरी एक पूर्ण वाक्य बोलणे.

४ मार्च
साठ टॉवेल झाले. वाक्य उद्या.

९ मार्च, सकाळी ११.००
बेल वाजली. कानवाल्या बाई आल्या होत्या. यंत्रमानवांना ऐकू येण्याची व्यवस्था त्यांच्याकडे असते, म्हणून हे नाव. एकाग्रता भंगू नये यासाठी मी हातातला कप अलगद ठेवला, दिवा मालवला आणि दाराआड उभी राहिले. बाहेरून त्या म्हणाल्या, अगं, चहाला येतेस ना? घरात आहेस की पोहोचलीससुद्धा मंगळावर? विनोद बरा होता. मी हसले. मनात.
११.०३ ला त्या गेल्या. रेकॉर्डिंग चालूच ठेवले होते. शिस्त म्हणजे शिस्त.

१० मार्च
११.०० बेल. दिवा. दाराआड. ११.०३ मोकळी.

१६ मार्च
आईचा फोन. मी मानवजातीच्या भविष्याविषयी सांगत होते. ती म्हणाली, यंत्राला घड्या घालायला शिकवतेस, इथे होतीस तेव्हा स्वतःच्या चादरीला कधी हात लावला नाहीस! आणि बोलतेस का गं कोणाशी तिथे, की तोंडाला कुलूपच? मी म्हणाले, एक बाई रोज अकरा वाजता भेटायला येतात. हे खोटे नाही.

२४ मार्च
आज दार उघडण्याचा निश्चय. वाक्य घरूनच रचून आणले होते: ‘आपल्या अगत्याबद्दल मी ऋणी आहे.’ फारच त्रोटक वाटले. ‘मनःपूर्वक’ घातले. मग ते ‘अगत्या’च्या आधी की ‘ऋणी’च्या, हा पेच पडला. तेवढ्यात बेल वाजली आणि वाजून थांबलीही. बाई म्हणाल्या, बरं, थर्मास इथेच ठेवते. गार करू नकोस हो, बाई!
पावले विरल्यावर थर्मास आत घेतला. साखर बेताची. धुऊन परत दाराशी ठेवला. आमचा स्नेह असा शब्दांच्या पलीकडचा आहे.

२ एप्रिल
गुरुवारी, नऊ तारखेला परीक्षा. संस्थापक पाहुण्यांसह येणार. पर्यवेक्षक म्हणाले, चार नंबरच्या घड्या बघितल्या, कोपऱ्याला कोपरा! शितावरून भाताची परीक्षा. मंगळावरच्या पहिल्या टॉवेलाची घडी माझ्या पद्धतीने होणार.

९ एप्रिल
सविस्तर लिहिते.
आम्ही सारे बाहेर, मोठ्या पडद्यासमोर. आत चिरंजीव एकटे. संस्थापकांनी स्वतः बेल वाजवली. चिरंजीवांनी कप ठेवला. दिवा मालवला. दाराआड उभे राहिले. संस्थापकांनी पुन्हा बेल वाजवली. चिरंजीवांनी मान किंचित खाली घातली. तीही माझीच. तीन मिनिटांनी दिवा लावून त्यांनी टॉवेल घेतला. घडी अप्रतिम होती.
पाहुण्यांत कोणीतरी फिसकन हसले. संस्थापक म्हणाले, हा तर ठार बहिरा आहे! कान कोणी बसवले याला? कानवाल्या बाईंनी हात वर केला. मलाही काही सांगायचे होते. वाक्य जुळत होते. तोवर सगळे पाचव्या खोलीकडे गेले.
माझे मत: गांभीर्य म्हणजे बहिरेपणा नव्हे. आणि मंगळावर बेल वाजवायला येणार कोण?

१० एप्रिल
पर्यवेक्षकांनी सांगितले: पहिले तिघे आधीच बाद, पाचव्या आणि सहाव्या खोलीतले यंत्रमानव कप फोडून नापास. चिरंजीवांची निवड पक्की, फक्त कान नवे बसवायचे. बाईंना सोमवारी काढणार. तू काळजी करू नकोस, तुझी शिकवणी चोख आहे, म्हणाले. शिकवणीत खोट निघाली असती, तर खोली चारचे पाच महिन्यांचे रेकॉर्डिंग पुसावे लागले असते. नियम म्हणून मीही सोमवारी लेखी खुलासा पाठवायचा.
११.०० बेल वाजली नाही. तरी दिवा मालवून दाराआड उभी राहिले. ११.२० पर्यंत.

१२ एप्रिल, रविवार
खुलासा लिहिला. चार पाने. ‘आतिथ्य: काल, आज आणि परग्रहावर.’ बेलचा उल्लेख चौथ्या पानावर, ओझरता. बाईंचा उल्लेख विषयाला धरून होईना. भाषा मात्र साधली आहे.

१३ एप्रिल, सकाळी ११.४०
बाईंच्या कार्यशाळेपर्यंत गेले. काचेतून दिसत होत्या. खोक्यात पक्कड, वायरी, स्पीकर भरत होत्या. दार किलकिले होते. कोणाला तरी फोनवर सांगत होत्या: अगं, पन्नास वेळा तपासले मी! बेल त्याला व्यवस्थित ऐकू जाते गं. मग उघडत का नाही मेला, तेवढेच कळत नाही. नोकरी जाते त्याचे नाही, पण हे न कळताच जायचे म्हणजे...
मला कळते. या पृथ्वीवर मला एकटीलाच कळते.
हात दारापर्यंत गेला. वाक्य तयार नव्हते. परत आले.

दुपारी १२.४०
चार पाने पुसली. खुलासा पुढीलप्रमाणे:
‘यंत्राचे कान उत्तम आहेत. बेल वाजली की मी दिवा मालवून दाराआड उभी राहते. यंत्र तेच माझ्याकडून शिकले. बाईंना काढू नये. खोली चारचे सारे पुसावे.’
एक प्रत संस्थापकांना, एक बाईंना. शैली अत्यंत सामान्य झाली आहे, याची जाणीव आहे.
पाठवले: सोमवार, १३ एप्रिल, दुपारी १२ वाजून ४७ मिनिटे.