हिरव्याखाली निळा

बाबा,
गॅरेजमध्ये जाण्याआधी हे वाच!

उद्याच्या प्रदर्शनासाठी तुझ्या जुन्या, युद्धातल्या मोटरसायकलची टाकी पुसत होते. टाकीच्या बाजूचं, गुडघा टेकायचं रबर काढलं (एकटीने, हं!) आणि हातातलं फडकंच गळालं. लष्करी हिरव्याखाली चकचकीत निळा रंग, वर सोनेरी रेघ! म्हणजे ही साधीच गाडी, युद्धावर गेलीच नाही? आणि तू प्रदर्शनाच्या फॉर्मवर हिरवा हाच ‘कारखान्यातला मूळ रंग’ असं ठणकावून लिहिलंयस!

आजोबांना विचारलं, तर म्हणाले, “तुझ्या बापाला लहानपणी युद्धातलीच गाडी हवी होती. रडून घर डोक्यावर घेतलं त्याने. मग त्याच्या नकळत मीच ब्रश मारला.”

मी शाळेत चाललेय. रबर परत बसवलंय. आजोबा मात्र चहाला न शिवता बसलेत. फॉर्मचं नंतर बघ. आधी त्यांच्याजवळ बस.

तुझी मेकॅनिक